तीन नंबरचा दिवा

"हिरवा," खोडके म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला.

मी पॅनलच्या मागे होते. हसण्याचं कारण कळेना म्हणून बाजूने डोकं काढून पाहिलं, तर तीन नंबरच्या सांध्याचा दिवा लालभडक जळत होता आणि हा गडी त्याच्यासमोर छाती पुढे काढून उभा. चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही.

"तायडे," कुलथे सर मला म्हणाले, "तुझा दिवा उलटा लागलाय. आणि खोडके, तुमची जीभ. दोघं आधी दुरुस्त व्हा."

वर्ग आणखी हसला. मीही हसले, कारण निम्मी चूक माझीच होती.

रेल्वेच्या आमच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एक मोठी खोली होती. तिला मॉडेल रूम म्हणत. खोलीभर टेबल, टेबलावर एक अख्खं स्टेशन: मेन लाइन, तिला फुटून परत मिळणारी लूप लाइन, फलाट, सिग्नल, बोटभर उंचीचं फाटक आणि खरोखर धावणारं इंजिन. बाहेरचा कोणी आला की म्हणायचा, काय पोरखेळ मांडलाय. पण त्या पोरखेळासमोर केस पिकलेले स्टेशनमास्तर घाम पुसत उभे राहायचे, कारण ठरावीक काळाने त्यांना इथे उजळणीला यावं लागे आणि त्या टेबलावर पास झाल्याशिवाय परत आपल्या स्टेशनावर बसता येत नसे.

टेबलाखालचा संसार माझा. प्रत्येक सांध्याखाली, म्हणजे रूळ जिथे फुटतात तिथे, एक छोटं मशीन होतं. पॅनलवरचा खटका फिरवला की मशीन सांधा ओढायचं, आणि सांधा जागेवर बसला की पॅनलवर दिवा लागायचा. एक खिडकी, तिच्यामागे दोन रंगांचे दोन बल्ब. सांधा सरळ मेन लाइनला असेल तर हिरवा, लूपला वळला असेल तर लाल. आदल्या दिवशी तीन नंबरचं मशीन जळालं होतं. नवं बसवताना माझ्याकडून दोन तारांची अदलाबदल झाली आणि खटका सरळ, सांधा सरळ, पण दिवा लाल, असा सगळा गोंधळ झाला. मी टेबलाखाली शिरून तारा जागच्या जागी लावल्या आणि विषय संपला असं समजले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तारांच्या टोकांना डाख देत बसले होते. खोडके दारात येऊन उभा राहिला. देविदास खोडके. वऱ्हाडातल्या कुठल्याशा लहान स्टेशनाचा मास्तर, चाळिशीचा, अंगाने काटक, आणि त्या तुकडीत सगळ्यांत हुशार. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. कुलथे सर प्रश्न विचारताना मुद्दाम त्याला शेवटी ठेवत.

"ताई," तो म्हणाला, "तो दिवा खरंच लाल होता का?"

"भाऊ, सगळ्या वर्गाने पाहिला."

"मी बी पाहिलाच ना."

माझ्या हातातली डाखणी तशीच राहिली. मी त्याच्याकडे बघितलं. तो स्टुलावर बसला, हात मांड्यांवर ठेवून, दवाखान्यात बसतात तसा.

"तुम्हाला रंग दिसत नाहीत?"

"बाकीचे दिसतात. लाल न् हिरवा तेवढे एकच होऊन गेले. दोनी मातकट. मले क्षय झाला होता मागं. गोळ्या चालू होत्या वर्षभर. डॉक्टर म्हणे, ह्या गोळ्यांनं डोळ्यावर येते कधी कधी, जपजा. मी काय जपणार? गोळ्या सोडल्या असत्या तर मेलो असतो. जीव राहिला, रंग गेले."

"मग इतके दिवस काम कसं करता?"

त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "आमच्या इकडं अजून खांबावरचे हाताचे सिग्नल हायेत. हात पडला की दिसते. पॅनलवर मी खटका कुठं हाय ते पाहतो, दिव्याकडं पाहतच नाही. रात्री सांधेवाल्याले इचारतो, काय रे, झाला का सिग्नल? त्याले वाटते साहेब परीक्षा घेऊन राहिला. डोळ्याची तपासणी पुढल्या साली हाय."

खटका पाहतो, दिव्याकडे पाहत नाही. खटका म्हणजे माणसाने काय सांगितलं ते, आणि दिवा म्हणजे सांध्याने काय ऐकलं ते. या दोन गोष्टी रोज सारख्याच असतात. ज्या दिवशी नसतात, त्या दिवसासाठी दिवा असतो. माझे वडील सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे फिटरचे मदतनीस, होते. यार्डात सांध्याला तेल घालताना शंटिंगच्या डब्याखाली गेले. त्यांच्या जागी मला ही नोकरी मिळाली. तेव्हा मला कोणी हे शिकवायला नको होतं.

"भाऊ, हे बरोबर नाही," मी म्हटलं. "माणसं असतात गाडीत."

"ठाऊक हाय ना, ताई. म्हणून तर तुमच्याजवळ बोललो." तो पुढे सरकला. "माझा बाप फाटकावर होता. मी सांधेवाला म्हणून लागलो. परीक्षा देत देत मास्तर झालो. आता गावात मले कोणी देविदास म्हणत नाही, मास्तर म्हणतात. बाप म्हातारा झाला, तोही मास्तर म्हणते. मले फक्त एवढ्या बारीला पास होऊ द्या. इथून गेलो की दुसऱ्या दिवशी मीच अर्ज देतो, मले तिकिटाच्या खिडकीवर घ्या म्हणून. सोताच मागून गेलो तर मास्तर म्हणून जाईन. काढून टाकलं तर..."

"अर्ज नक्की द्याल?"

"पोरीची आण."

मी ते कोणाला सांगितलं नाही. आण खरी वाटली म्हणा, किंवा तो ज्या आवाजात 'तोही मास्तर म्हणते' म्हणाला त्याने माझं काळीज पाघळलं म्हणा. मी वडिलांचं नाव घेऊन नोकरीवर चिकटलेली बाई. नाव गेल्यावर माणसाचं काय होतं, हे मला माहीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कुलथे सरांनी मला बोलावलं. सर कडक होते, पण वाकड्यात शिरणारे नव्हते. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "उद्या तीन नंबरचा दिवा उलटा करून ठेव. पहिला खोडके येईल."

परीक्षेत अशी खोट घालून ठेवायची आमच्याकडे रीतच होती. दिवा आणि खटका जुळत नाहीत हे मास्तराच्या लक्षात आलं पाहिजे, त्याने गाडी थांबवली पाहिजे, आणि सांध्यावर स्वतः जाऊन पाहतो असं म्हटलं पाहिजे. तरीही मी विचारलं, "खोडकेच का, सर?"

"त्या दिवशी तो हिरवा म्हणाला ना, तेव्हा तो दिव्याकडे बघत नव्हता. खटक्याकडे बघत होता. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो." सर वळले. "चांगला माणूस आहे. संशयावर मी कोणाच्या पोटावर पाय देणार नाही. म्हणून एकदा पारखून घ्यायचंय. दिसलं तर जाईल बापडा आपल्या स्टेशनावर."

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. माझ्या आधीचे फिटर शेखचाचा असते, तर त्यांनी पुढची काच काढून दोन्ही बल्बच इकडचे तिकडे केले असते. वर्षानुवर्षं ते तसंच करत. पण ते होल्डर झिजले होते, बल्ब काढताना हातात तुटायचे. म्हणून मी मागच्या बाजूने दोन तारा सोडवल्या आणि उलट्या लावल्या. काम मिनिटाचं. पॅनलची वीज चालू करून एकदा पाहिलं. खटका सरळ, दिवा लाल. मग वीज बंद करून मी बाहेर पडले.

खोडके कॅन्टीनच्या बाहेर नळावर तोंड धूत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"तीन नंबर उलटा आहे," मी म्हटलं. "खटका सरळ, दिवा लाल. सर तुमच्यासाठीच ठेवतायत."

त्याने ओल्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं. रेल्वेत निरोप मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा, असा नियम आहे. चूक राहू नये म्हणून. सवयीने त्यानेही म्हणून दाखवला.

"तीन नंबर. खटका सरळ, दिवा लाल."

"बरोबर," मी म्हटलं.

"ताई, तुमचे उपकार..."

"उपकार राहू द्या. आण लक्षात ठेवा."

परीक्षेला वरच्या कार्यालयातून एक साहेबही आले होते. साहेब खुर्चीवर, सर त्यांच्या शेजारी, बाकीची तुकडी भिंतीला लागून उभी. मी पॅनलच्या मागे. तिथून पुढचा दिवा दिसत नाही, फक्त तारा दिसतात आणि माणसांचे आवाज येतात. वीज चालू झाली. खोडके पुढे आल्याचं मला त्याच्या बुटांवरून कळलं.

"मेन लाइनवर गाडी घ्यायची आहे," सर म्हणाले. "घ्या."

खटके फिरल्याचे आवाज आले. एक, दोन. मग तीन. माझ्या कानाशी मशीन खडखडलं आणि सांधा बसला. खोडके बोलला, आणि काय सांगू, त्याचा आवाज इतका स्वच्छ मी आधी कधी ऐकला नव्हता.

"सर, तीन नंबरचा खटका सरळ आहे, पण दिवा लाल लागला आहे. मी या दिव्यावर भरोसा ठेवणार नाही. सिग्नल देणार नाही. आधी स्वतः सांध्यावर जाऊन पाहीन, कुलूप लावीन, मग गाडी घेईन."

पुस्तकातलं उत्तर, शब्दाला शब्द. मी मागे उभी राहून डोळे मिटले. मनात म्हटलं, सुटला बिचारा.

पुढे साहेबांची खुर्ची करकरली.

"पुन्हा सांगा," सर म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

खोडकेने पुन्हा सांगितलं. तेच, तसंच, थोडं अधिक जोरात. भिंतीकडून कोणीतरी हसल्यासारखं केलं आणि लगेच गप्प झालं.

"तायडे, पुढे ये."

मी पुढे आले. तीन नंबरच्या खिडकीत दिवा जळत होता. हिरवा. नव्या पानासारखा हिरवागार.

मला वाटलं माझेच डोळे गेले. मी तारांकडे धावणार होते, पण साहेब माझ्याकडे बघत होते. "काय बाई," ते म्हणाले, "तुम्हाला कोणता दिसतो?"

खोडके माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती. मी काय म्हणणार हे त्याला माहीत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. सगळी खोली हिरवा बघत होती. हाताच्या काकणाला आरसा कशाला, आणि तरी तो आरसा मलाच धरायला लावला.

"हिरवा," मी म्हटलं.

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. तो दिव्याकडे वळला आणि बघतच राहिला. बराच वेळ. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, जणू नीट बघितलं तर दिसेल.

"सर, मी अंदाजानं बोललो," तो शेवटी म्हणाला. "मले दिसत नाही."

साहेबांनी कागद काढून तिथेच काहीतरी लिहिलं. परीक्षा पुढे चालू झाली. दुसऱ्या मास्तराला बोलावलं. खोडके बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर सरांनी दार लोटून घेतलं. "सकाळी तू काय केलं होतंस?"

"तारा बदलल्या, सर. मागून."

सर मटकन खुर्चीवर बसले. "मी येऊन काच उघडून पाहिलं. बल्ब जागच्या जागी. मला वाटलं तू विसरलीस, नाहीतर तुला दया आली. म्हणून मीच बल्ब बदलले."

मला समजायला क्षणभर लागला. मी तारा उलट्या केल्या, त्यांनी बल्ब उलटे केले. उलट्याचं उलट झालं आणि दिवा खरं बोलला. मी वीज बंद करून गेले नसते, त्यांनी चालू करून पाहिली असती, किंवा मी शेखचाचांसारखे बल्ब बदलले असते, तर यातलं काहीच झालं नसतं.

"तो लाल म्हणाला," सर सावकाश म्हणाले. "मलाही लालच दिसायला हवा होता. हिरवा लागला तेव्हा मीच चक्रावलो. पण त्याला लाल कुठून कळला, तायडे?"

मी खाली बघत राहिले.

"तो अंदाजाने बोललो म्हणतो," सर म्हणाले. "मीही तेच धरून चालतो. जा, तारा नीट कर. बल्ब मी काढतो."

मी तारा नीट केल्या. त्यांनी बल्ब नीट केले. एकमेकांकडे आम्ही बघितलं नाही.

खोडकेला त्याच दिवशी रेल्वेच्या दवाखान्यात पाठवलं. मी फाटकापर्यंत धावत गेले. त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती, सोबत एक शिपाई होता. शिपायासमोर मला काही बोलता येईना. खोडके थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं केलं, ताई." बस, एवढंच. तो टोमणा माझ्या काळजात रुतला. त्याच्या बाजूने हिशेब सरळ होता: मी लाल सांगितला, निघाला हिरवा. मीच त्याला खड्ड्यात ढकललं होतं. आणि तरीही सरांसमोर त्याने माझं नाव घेतलं नव्हतं.

दवाखान्यात त्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. एकही आकडा वाचता आला नाही, असं नंतर कळलं. मास्तरकी गेली. मी दोनदा पत्र लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. काय लिहिणार? तुम्हाला वाचवायला गेले आणि बुडवलं, असं?

पुष्कळ वर्षांनी, माझीही नोकरी संपत आली असताना, भाचीच्या लग्नाला निघाले होते. एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. संध्याकाळ होती. वेटिंग रूममध्ये शिरले तर दाराशी एक म्हातारा तिकिटं बघत बसला होता. मी तिकीट पुढे केलं आणि विचारलं, "पुढची गाडी वेळेवर आहे का हो?"

त्याने तिकिटाकडे पाहिलंच नाही. "मॉडेल रूमच्या ताई," तो म्हणाला. "आवाजावरून वळखलं."

खोडके अर्धा राहिला होता. शर्टाच्या खिशावर बिल्ला, हातात फडकं. त्याने मला खुर्ची पुसून दिली आणि स्वतः स्टुलावर बसला, हात मांड्यांवर ठेवून. वडील गेले, मुलीचं लग्न झालं, असं काहीबाही बोलणं झालं. रिटायर झाल्यावर ठेकेदाराकडे हे काम धरलंय, गावी जाणं बंद केलंय म्हणाला. मग माझ्याच्याने राहवेना. मी त्याला सगळं सांगितलं. तारा, बल्ब, सरांचं काच उघडून बघणं.

त्याने नीट ऐकून घेतलं. निरोप ऐकतात तसा.

"म्हंजे तुमी मले वाचवाले पाहत होत्या?"

"हो, भाऊ."

"अन् मी इतके साल काय धरून बसलो होतो, ठाऊक हाय?" तो फडक्याची घडी घालायला लागला. "मले वाटे, ताईनं मुद्दाम केलं. तिचा बाप गाडीखाली गेला, तिनं लोकायचा इचार केला. आधी लय राग आला. मग वाटलं, बरोबर केलं. कोणीतरी करालेच पाहिजे होतं. त्याच्यावर मी दिवस काढले, ताई. म्हणून तर बरं केलं म्हटलं होतं तुमाले, फाटकावर."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"मग आज काहून सांगतलं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. फक्त थकवा होता, आणि तो मला रागापेक्षा जड गेला.

पण एक प्रश्न इतकी वर्षं माझ्याजवळ होता. त्याचं उत्तर हो आलं असतं, तर निदान मी चुकीच्या माणसासाठी चूक केली नव्हती, एवढं तरी हाती लागलं असतं. म्हणून विचारलं.

"भाऊ, पास झाला असता, तर अर्ज दिला असता?"

त्याने घडी उलगडली, परत घातली.

"नसता दिला," तो म्हणाला.

ते खरं होतं, की त्याला बुडवल्याचं माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून तो तसं म्हणाला, हे मला कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघून काही समजतं का ते पाहिलं. तो दाराबाहेर बघत होता.

बाहेर भोंग्यावर माझ्या गाडीचं नाव पुकारलं. त्याने माझी पिशवी उचलली आणि आम्ही फलाटावर आलो. हाताचे सिग्नल कधीच गेले होते. दूर फलाटाच्या टोकाला अंधारात एक दिवा तेवढा दिसत होता. खोडके तिकडे तोंड करून उभा राहिला.

"कोणता हाय, ताई?"

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवा," तो म्हणाला, आणि माझी पिशवी खाली ठेवून गाडीची वाट बघू लागला.